दशावतारी गंजिफा : स्मरणाचा खेळ

कडोलीहून बेळगाव गाठावे, आंबोलीचा घाट उतरावा, की सावंतवाडी लागते. तेथील चिताऱ्यांनी रंगविलेली वाटोळी गंजिफा आज आपण शोभेसाठी घेतो. मुळात तो बुद्धीची कसोटी पाहणारा खेळ होय. बाबराने १५२७ मध्ये शाह हसनास गंजिफा धाडल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. पुढे आपल्याकडे त्या पानांवर दशावतार अवतरले. अवतार दहा, प्रत्येकाची पाने बारा, एकूण १२०. पाच अवतारांत दश्शी थोर, तर उरलेल्या पाचांत एक्का! दिवसा रामाचा राजा ज्याच्या हाती तो डाव उघडी; रात्री हा मान कृष्णाचा. हुकूम नाहीच. म्हणून उतरलेले प्रत्येक पान ध्यानी ठेवावे, आणि प्रतिपक्षी काय टाकतो, काय राखतो, हे न्याहाळावे.

वनपर्वातील नलराजा द्यूतात राज्य हरला. पुढे ऋतुपर्णाने बेहड्याची पानेफळे पाहताक्षणी मोजली, तेव्हा नलाने अश्वविद्येच्या मोबदल्यात अक्षहृदय मागून घेतले आणि राज्य परत जिंकले. नलास उणीव भाग्याची नव्हे, गणनेची होती, असे आम्हांस वाटते. सावंतवाडीची पाने अजून विकली जातात. १२० पानांचा हिशेब मनात ठेवून डाव मांडणारे मात्र विरळा झाले आहेत.