धाबं गेलं, टिन आलं, गळती राहिली



मे महिना अर्धा झाला की पेरणीच्या प्रश्नांसोबत एक वेगळा प्रश्न हमखास येतो. "भाऊ, टिन गळते, वरून काय लावू?" कोणी डांबर म्हणतो, कोणी सिमेंटचा घोळ म्हणतो, कोणी दुकानातून चिकटपट्टी आणलेली असते. प्रश्न साधा आहे, पण त्यातला 'वरून' हा शब्द फार जुना आहे. तो टिनाच्या काळातला नाहीच, तो धाब्याच्या काळातला आहे. म्हणून आज पिकाचं नाही, छपराचं लिहितो.

आपल्या हिवरा आश्रमच्या आसपास, मेहकर-चिखली पट्ट्यातल्या जुन्या गावठाणात अजून दोन-चार धाब्याची घरं उभी सापडतील. मराठवाड्यात त्यालाच माळवद म्हणतात. जाड दगडमातीच्या भिंती, सागाचे किंवा बाभळीचे खांब, त्यावर आडवी लाकडं, लाकडांवर काड्या-फांद्यांचा थर, त्यावर पालापाचोळा आणि सगळ्यात वर माती. ही माती कोणतीही चालत नसे. वावरातली काळी माती धाब्यावर टाकली तर उन्हाळ्यात भेगा पडणार आणि पहिल्याच पावसाला घरात धार लागणार. म्हणून खारी किंवा पांढरी माती आणायचे.

कृषीवाल्या मित्रांना यातलं विज्ञान लगेच कळेल. खाऱ्या मातीत सोडियम जास्त असतो. पाणी लागलं की मातीचे कण एकमेकांना सोडतात, विखुरतात आणि बारीक छिद्रं बुजवून टाकतात. मग पाणी खाली मुरत नाही, वरून वाहून जातं. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे आपल्याच जिल्ह्याच्या शेगाव-संग्रामपूरकडे, ज्या गुणामुळे शेतकरी मातीला शिव्या घालतो, त्याच गुणासाठी आपले बापजादे ती माती बैलगाडीने आणून डोक्यावर ठेवत होते. ज्याने पहिल्यांदा हे ओळखलं त्याचं नाव कुठं लिहिलेलं नाही, पण माणूस हुशार होता.

पण खारी माती पावसासोबत थोडी थोडी वाहूनही जाते. म्हणून दरवर्षी पावसाळा लागायच्या आधी घरातला कोणीतरी धाब्यावर चढायचा. उगवलेलं गवत उपटायचं, उंदरांची बिळं बुजवायची, पनाळं साफ करायची आणि जिथं गळालं होतं तिथं आणखी माती टाकायची. खरवडून जुनी काढणं मेहनतीचं, वरून नवी टाकणं सोपं. त्यामुळे माती वाहून जायची त्यापेक्षा जास्त पडायची. वीतभर जाडीचं धाबं पन्नास-साठ वर्षांत हात-हातभर जाड व्हायचं.

याचं वजन किती होतं, ते हिशोब करून पाहा. दहा बाय बाराची खोली, वर दीड फूट माती. ओलावा धरून घनमीटरला सोळाशे किलो पकडली तरी आठ टन होतात. भरलेला ट्रकच म्हणा ना, चार खांबांवर आणि मातीत रचलेल्या दगडाच्या भिंतीवर. लाकडाला वाळवी लागलेली असली तर बोलायलाच नको.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास लातूर-उस्मानाबाद भागात भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन होतं, लोकं दमून घरात झोपली होती. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं आडवी झाली. सुमारे आठ हजार माणसं गेली. नंतर जे अभ्यास झाले त्यांत एक गोष्ट ठळकपणे आली: माणसं मेली ती दगडाच्या जाड भिंती आणि माळवदाची जड माती अंगावर येऊन. ती माती का इतकी जाड होती? गळू नये म्हणून. दर पावसाळ्याआधी मायेने टाकलेला एकेक थर होता तो. मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सगळ्यात जास्त टोचते.

भूकंपानंतर तिथली माणसं कित्येक महिने पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यात राहिली. बावन्न गावं नव्या जागी बसवली गेली. आणि ज्यांची घरं उभी होती त्यांनाही माळवदाखाली झोप लागेना. टिन तिथं हौसेनं आलं नाही, भीतीनं आलं. त्याच दहा बाय बाराच्या खोलीला टिनाचं वजन पडतं पन्नास-साठ किलो. आठ टन कुठं आणि साठ किलो कुठं!

आता टिनाची गोष्ट. आपण टिन म्हणतो, पण त्यात टिन नावाचा धातू नसतो. टिन म्हणजे कथील, ज्याची पितळेच्या भांड्याला कल्हई करतात ते. छपरावर असतो तो पोलादाचा पत्रा आणि त्यावर जस्ताचा पातळ मुलामा. पत्र्याला नागमोडी घड्या पाडायची युक्ती इंग्लंडात हेन्री पामर नावाच्या इंजिनिअरने काढली, १८२९ साली त्याने पेटंट घेतलं. सपाट पत्रा हाताने वाकतो, घडी पाडली की तोच पत्रा माणसाचं वजन पेलतो. १८३७ मध्ये फ्रान्सच्या सोरेलने लोखंडाला जस्तात बुडवायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. हे दोन्ही एकत्र आलं आणि हलकं, न गंजणारं, गठ्ठा करून जहाजात भरता येणारं छप्पर तयार झालं. कॅलिफोर्निया-ऑस्ट्रेलियात सोनं शोधायला गेलेली माणसं त्याखाली राहिली.

वऱ्हाडात हे छप्पर कापसामागे आलं. १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा सुरू झाला, उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला होता. मग खामगाव, मलकापूर, शेगावकडे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. लांबरुंद शेडीवर माती टाकता येत नाही आणि भिजलेला कापूस कोणी घेत नाही. तिथं पत्रा लागलाच. तेव्हा तो विलायतेहून यायचा. पुढे टाटांनी जमशेदपूरला पत्रा काढायला सुरुवात केली, १९२४ च्या पोलाद संरक्षण कायद्यात बाहेरच्या गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावरही जकात बसली. तरी तो गरिबाच्या घरावर यायला पुढची कित्येक वर्षं गेली. आधी कारखाना, मग स्टेशन, मग सावकाराचं गोदाम, मग शाळा, मग गोठा आणि सगळ्यात शेवटी घर, असा हा उतार आहे. आजही घरकुलाच्या पैशात स्लॅब बसत नाही म्हणून भिंती पक्क्या आणि वर टिन, अशी घरं गावोगाव दिसतात.

घर बदललं, पण सवय तीच राहिली. गळालं की वरून टाका. माती गेली, डांबर आलं. धाब्याला ही सवय निदान काही काळ तरी चालत होती, कारण धाबं सगळ्या अंगाने गळतं. टिन तसं गळत नाही. चांगल्या टिनातून पाण्याचा थेंब आरपार जात नाही. पाणी येतं ते भोकातून आणि जोडातून, आणि भोकं आपणच पाडलेली असतात.

भोकं कशी मोठी होतात ते बघा. मे महिन्यात दुपारी टिन साठ-सत्तर अंशांपर्यंत तापतं, पहाटे पंचवीसवर येतं. सोळा फुटी पत्रा एवढ्या फरकात दोन-अडीच मिलिमीटर लांब-आखूड होतो. रोज. स्क्रू जागचा हलत नाही, पत्रा हलतो. गोल भोक हळूहळू लांबट होतं. स्क्रूखालचं रबरी वॉशर उन्हाने कडक होतं, चिरतं. पूर्वी जे-हुक आणि डांबरी वॉशर असायचे, तेही असेच वाळून जायचे. तिथं वरून सिमेंट लावलं तर काय होणार? टिन हलतं, सिमेंट हलत नाही. पहिल्याच उन्हाळ्यात दोघांमध्ये केसाएवढी फट पडते, पाणी आत जातं आणि वरच्या थरामुळे वाळत नाही. थराखाली जस्त संपतं, मग लोखंड खातं. दोन वर्षांनी डांबर खरवडून पाहिलं तर स्क्रूच्या जागी रुपयाएवढं भोक. डांबराने गळती थांबली नव्हती, दिसायची थांबली होती.

म्हणून आधी भोक शोधायचं. घरात जिथं थेंब पडतो तिथं वर भोक असेलच असं नाही. पाणी वरच्या अंगाला शिरतं, पत्र्याच्या पोटाने किंवा अँगलच्या कडेने खाली वाहतं आणि मनाला येईल तिथं टपकतं. म्हणून थेंबाच्या जागेपासून चढाच्या दिशेने बघत जा. भर दुपारी दारं-खिडक्या लावून घरात अंधार करा, जिथं उजेडाचा ठिपका दिसेल तिथं खडूने खूण करा. ठिपका दिसला नाही तर एक जण आत, एक जण वर, आणि नळीने पाणी खालच्या कडेपासून सुरू करून हात-हात वर सरकत जा. घाई केली, सगळीकडे एकदम पाणी मारलं तर काहीच कळत नाही.

एक वेगळी गंमत हिवाळ्यात होते. पाऊस नाही तरी पहाटे टिनाखालून थेंब पडतात. ती गळती नाही. चुलीची वाफ, माणसांचा श्वास थंड टिनाला लागून त्याचं पाणी होतं. तिथं वरून काहीही लावलं तरी फरक पडणार नाही, वाफ जायला भिंतीच्या वरच्या अंगाला जागा ठेवा.

दुरुस्ती सांगतो. ढिला किंवा गंजलेला स्क्रू काढून एक माप जाड स्क्रू नव्या रबरी वॉशरसकट बसवा. वॉशर थोडंसं दबेल एवढंच आवळा, मशीन लावून चिरडू नका. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर हवा, खोलगटात नको. खोलगटातून पाणी वाहतं, तिथं भोक पाडणं म्हणजे चारीलाच भगदाड पाडणं. जुन्या गोठ्याचं टिन घरावर चढवलं असेल तर उरलेल्या रिकाम्या भोकांवर आधी घासून, पुसून, कोरडं करून मग पट्टी लावा. भोक रुपयाएवढं झालं असेल तर पट्टीचा खेळ बंद, पत्र्याचा तुकडा वरच्या पत्र्याखाली सरकवून बसवा, नाहीतर पत्राच बदला.

नवीन घर असेल तर उतार फुटाला दोन इंच तरी द्या. भिंतीच्या विटा वाचवायला उतार मारला की जोडातून पाणी उलटं वर चढतं. आपल्याकडे पाऊस पश्चिमेच्या अंगाने झोडपतो, म्हणून टिन पूर्वेकडून टाकायला सुरुवात करा, म्हणजे जोडाची उघडी कड वाऱ्याच्या पाठीला येते. दुकानात गेज विचारताना लक्षात असू द्या, आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ. ग्राइंडरने कापला तर लोखंडाचा भुगा त्याच दिवशी झाडून काढा, तो तिथंच गंजून टिनाला लावतो. टिनावर कडबा, पऱ्हाटी, खताच्या रिकाम्या पिशव्या ठेवू नका, ओल धरते, आणि खताचं मीठ जस्ताला खातं.

वाऱ्याने उडू नये म्हणून टिनावर दगड ठेवायची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे. मला ती मुळीच पटत नाही. दगडाखाली टिन आधी सडतं, आणि वादळात टिनासोबत दगडही खाली येतात. आपल्याच जिल्ह्यात, चिखली तालुक्यात, २०२४ च्या जूनमध्ये वादळाने घरावरचं टिन उडालं, त्याच्या अँगलला बांधलेला झोका सोबत गेला आणि त्यातलं सहा महिन्यांचं लेकरू दगावलं. त्या घराबद्दल काही म्हणायचं नाही. पण जे भोक जुलैत थेंब टाकतं, तोच स्क्रू जूनच्या वावधानात टिन धरून ठेवणारा असतो. गळणारा स्क्रू म्हणजे सुटत चाललेला स्क्रू. झोका टिनाच्या अँगलला बांधू नका, हे आजच घरात सांगा.

वर चढताना टिन कोरडं हवं. पाय दोन अँगलच्या मधे नाही, स्क्रूच्या ओळीवर, शक्य तर फळी टाकून. आणि चढण्याआधी मेन स्विच बंद करा. खांबावरून आलेली वायर मेन स्विचने बंद होत नाही, ती कुठं टिनाला घासत असेल तर आधी लाइनमनला बोलवा, तोवर शिडी लावू नका.

आमच्या गावातल्या म्हाताऱ्या बाया अजून सांगतात, मृगाच्या आधी धाब्यावर चढायचा एक दिवस ठरलेला असायचा. टिन आलं तेव्हा तो दिवस सुटला, कारण टिन म्हणजे एकदा टाकलं की झालं, असं सगळ्यांना वाटलं. यंदा मृग लागायच्या आत पाना आणि वॉशरची पुडी घेऊन शिडी लावा. आणि ऑक्टोबरात सोयाबीनच्या कट्ट्यांची थप्पी घरात लावताना खडूची खूण केलेल्या जागेखाली लावू नका. खरेदी केंद्रावर ओलावा बारा टक्के मागतात, परतीच्या पावसाची एक रात्रभरची धार वरच्या दोन कट्ट्यांना पुरेशी होते.