मुशीतले पोलाद आणि अणूंचे गणित

मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, मुलकी सेवेतील जोशिया मार्शल हीथ लोखंडाच्या नादी लागला आणि 1830 च्या सुमारास त्याने पोर्टो नोव्होला लोखंडाचा कारखाना काढला. सेलमकडील लोहारांची कृती त्याने लिहून ठेवली. लोखंडाचे तुकडे, तरवडाचे लाकूड आणि रुईची पाने मातीच्या मुशीत घालून ते तोंड लिंपीत व मूस भट्टीत तापवीत. मूस फोडली की पोलादाची ढेप हाती येई. या पोलादाला युरोपात ‘वुट्झ’ म्हणत. 1794 साली मुंबईच्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी त्याचा नमुना लंडनला जोसेफ बँक्स यांच्याकडे धाडला. पुढे फॅरडेनेही त्यावर प्रयोग केले. हीथने गुणाचे कारण रसायनात शोधले: लाकूड-पानांतून निघणारा वायू लोखंडात कर्ब लवकर मुरवतो.

1991 साली जपानी शास्त्रज्ञ इजिमा यांनी कर्बाच्या अतिसूक्ष्म नळ्यांकडे जगाचे लक्ष वेधले. 2006 साली ड्रेस्डेनच्या पाउफ्लर यांनी सतराव्या शतकातील दमास्कस तलवारीचा कण आम्लात विरघळविला, तेव्हा उरलेल्या अंशात तशाच नळ्या दिसल्या. अशा तलवारी वुट्झपासून घडत.

मग आपल्या लोहारांना अणुविद्या अवगत होती, असा डांगोरा पिटला गेला. तो उतावळेपणाचा आहे. नळी सापडणे वेगळे आणि पात्याचे बळ तिच्यामुळे आहे हे सिद्ध होणे वेगळे. बारीक नळीची जाडी सुमारे एक नॅनोमीटर, म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. तिचा ताठपणा पोलादाच्या सुमारे पाचपट. परंतु अख्ख्या पात्यातील अणू-अणूचा हिशेब कोणत्याही यंत्राला झेपत नाही. म्हणून गणित पायरीपायरीने चढते. आधी मोजक्या अणूंची हालचाल. मग, 1996 मध्ये याकोब्सन व सहकाऱ्यांनी दाखविल्याप्रमाणे, नळी हे पातळ कवच मानून ती कशी वाकते, कोठे मुडपते याचा अंदाज. शेवटी अशा असंख्य नळ्या सामावणारा पदार्थ. दर पायरीवर काही तपशील सोडावाच लागतो. काय सोडले, याचा चोख हिशेब ठेवणे हेच या शास्त्राचे इमान.

लोहाराला ही शिडी ठाऊक नव्हती. पण कोणते लाकूड, कोणते पान, किती आच, हे त्याला पक्के ठाऊक होते. एकोणिसाव्या शतकात विलायती पोलादापुढे त्या भट्ट्या विझत गेल्या. त्याचा गौरव करायचा तर त्याच्या पदरी न घेतलेली विद्या बांधू नये; जी होती, तीच पुरेशी थोर होती.