घशातल्या एका व्यंजनाचं कूळ

अरबीतला ‘ऐन’ उच्चारताना घशाची पार मागची बाजू आवळावी लागते. असला ध्वनी फार थोड्या भाषांत आहे. त्यातली एक कॅनडात, व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर बोलतात: नूचानुल्थ. अरबीशी तिचं दूरचंही नातं नाही. मग ‘ऐन’ तिथे आला कुठून?

उत्तर शेजारीच होतं. सामुद्रधुनीपलीकडे, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या टोकाला मकाह ही तिची बहीणभाषा आहे. नूचानुल्थमध्ये जिथे ‘ऐन’, तिथे मकाहमध्ये पडजिभेपाशी श्वास कोंडून फट्कन सोडलेला ‘क़’. विल्यम जेकबसन यांनी १९६९ साली या ध्वनींचं मूळ उलगडून दाखवलं. कोंडलेला क़ जुना. नूचानुल्थमध्ये तो घसरत घशात उतरला.

खरी गंमत मात्र पुढे, व्याकरणात आहे. ही भाषा धातूला प्रत्ययांमागून प्रत्यय जोडत जाते. एडवर्ड सपीर यांनी दिलेला एक नमुना पाहा: ‘इनिक्व’ म्हणजे आग किंवा जळणं, ‘इह्ल’ घरात, ‘मिनिह’ अनेक, ‘इस’ लहान, ‘इत’ भूतकाळ. शेवटी एक ‘आ’ लावला की ‘घरात बऱ्याच लहान-लहान आगी जळत होत्या’ हे सगळं एका शब्दात बसतं.

यातले काही प्रत्यय जोडाला लागलेलं व्यंजन ‘कठोर’ करतात. साधे प, त, क कोंडलेले होतात. आपल्या संधीत वाक् + ईश = वागीश होतं, कारण पुढे स्वर आला; तो कोणत्या शब्दाचा, याची क् ला फिकीर नसते. इथे असते. सारख्याच स्वराने सुरू होणाऱ्या दोन प्रत्ययांपैकी एक व्यंजन बदलेल, दुसरा त्याला हातही लावणार नाही. कोणता कसा, ते प्रत्ययागणिक पाठच असावं लागतं.

आता क़ने संपणाऱ्या धातूला असा कठोर करणारा प्रत्यय लावा. नियमाप्रमाणे कोंडलेला क़ मिळायला हवा. मकाहमध्ये तो मिळतोही. नूचानुल्थमध्ये हाती येतो ‘ऐन’! ध्वनी बदलून जमाना लोटला, तरी प्रत्यय लागला की तो बदल पुन्हा घडतो. कोंडलेला क़ तिथे अगदीच नामशेष झालेला नाही, मोजक्या शब्दांत तो अजून ऐकू येतो. पण प्रत्ययाच्या जोडावर त्याची जागा ‘ऐन’ने घेतली ती घेतलीच.