एक पत्ता, अनेक नावे : संकेतस्थळांच्या सामायिक दाराचा इतिहास

सप्टेंबर २००३ मध्ये केंद्रीय दूरसंचार विभागाने देशातील इंटरनेट सेवादात्यांना एक आदेश पाठवला. मेघालयातील एका बंदी घातलेल्या संघटनेशी संबंधित असलेला, याहू ग्रुप्सवरील ‘किन्हुन’ नावाचा एक लहानसा गट भारतातून दिसू नये, एवढीच त्यात अपेक्षा होती. प्रत्यक्षात अनेक सेवादात्यांकडे एकच गट वेगळा काढण्याचे साधनच नव्हते. त्यांनी याहू ग्रुप्सचा सगळा पत्ताच रोखला आणि त्या आदेशाशी काडीचाही संबंध नसलेले देशभरातील गट एका रात्रीत अंधारात गेले.

या घटनेची चर्चा बहुतांशी अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या अंगाने झाली, आणि ते योग्यच होते. परंतु एकाला लावलेला अटकाव शेकडो शेजाऱ्यांना का भोवतो, याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. ते इंटरनेटच्या एका जुन्या काटकसरीत आहे : एकाच पत्त्यामागे अनेकांनी नांदण्याच्या व्यवस्थेत.

सर्न या युरोपीय संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ च्या सुमारास वापरात आणलेला एचटीटीपी हा संकेत विलक्षण साधा होता. ब्राउझर सर्व्हरशी जोडणी करी आणि ‘अमुक पान द्या’ एवढेच म्हणे. कोणत्या संकेतस्थळाचे पान, हे तो सांगतच नसे. डोमेनचे नाव केवळ आयपी पत्ता शोधण्यापुरते उपयोगी पडे. पत्ता मिळाला की नाव गळून पडे. गावात विचारत विचारत एखाद्या वाड्याच्या दिंडी दरवाजापर्यंत पोहोचलेल्या पाहुण्याने ‘माडीवरची तिसरी खोली’ एवढेच सांगावे आणि कोणाकडे आलो ते सांगूच नये, तसा हा प्रकार होता. वाड्यात एकच बिऱ्हाड असेल तर अडचण नाही. पाच बिऱ्हाडे असतील, तर पहारेकऱ्याने त्याला कोठे पाठवावे?

म्हणून आरंभीच्या काळात प्रत्येक डोमेनला स्वतंत्र आयपी पत्ता द्यावा लागे. एकाच यंत्राला दहा पत्ते चिकटवून दहा संकेतस्थळे चालवली जात. पण आयपीच्या चौथ्या आवृत्तीतील पत्ता ३२ बिटांचा. एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६. आकडा मोठा दिसतो. परंतु आरंभी त्यांचे वाटप सढळ हाताने झाले होते. ‘अ’ वर्गातील एकेका गटात सुमारे १ कोटी ६७ लाख पत्ते असत आणि असे संपूर्ण गट एकेका संस्थेला देऊन टाकलेले होते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच पत्ते संपण्याची चिंता अभियंत्यांना ग्रासू लागली.

त्यावरचा तात्पुरता म्हणून सुचवलेला आणि पुढे कायमचा होऊन बसलेला उपाय म्हणजे पत्त्यांचे भाषांतर, अर्थात ‘नॅट’. मे १९९४ मध्ये त्याचा आराखडा आरएफसी १६३१ या दस्तऐवजात प्रसिद्ध झाला. फेब्रुवारी १९९६ मधील आरएफसी १९१८ ने खासगी वापरासाठी काही पत्ते राखून ठेवले. घरोघरच्या राउटरमध्ये दिसणारे १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांतलेच. संस्थेच्या सीमेवर एक फायरवॉल सर्व्हर उभा राहिला. बाहेरच्या जगाला त्याचा एकच सार्वजनिक पत्ता दिसे. आतली सारी यंत्रे खासगी पत्त्यांवर, नजरेआड.

आतून बाहेर जाणाऱ्यांसाठी ही सोय उत्तम होती. बाहेरून आत येणाऱ्यांसाठी मात्र पेच होता. वेबची विनंती ८० क्रमांकाच्या पोर्टवर येते, आणि फायरवॉल ते पोर्ट आतल्या एकाच यंत्राकडे वळवू शकतो. आत दोन यंत्रांवर दोन निराळी संकेतस्थळे असतील, तर दुसऱ्याला ८०८० सारखे आडवळणाचे पोर्ट द्यावे लागे. पत्त्याच्या शेपटीला असा आकडा मिरवणारी संकेतस्थळे ही त्या अडचणीचीच खूण. सामान्य वाचकाकडून तो आकडा लक्षात ठेवण्याची अपेक्षा करणे म्हणजे त्याला परत पाठवण्यासारखेच होते.

ही कोंडी एका ओळीने फुटली. ब्राउझरने विनंतीसोबत ‘होस्ट’ या शीर्षकाखाली डोमेनचे नावही पाठवावे, ही ती ओळ. काही ब्राउझर ती आधीपासून पाठवू लागले होते. जानेवारी १९९७ मधील एचटीटीपी १.१ च्या मानकाने ती सक्तीची केली. नाव नसलेली विनंती सर्व्हरने ४०० हा त्रुटीक्रमांक देऊन नाकारावी, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. जून १९९९ च्या सुधारित मानकाच्या परिशिष्टात या बदलाची गणना सर्वांत महत्त्वाच्या बदलांमध्ये केली आहे. एरवी अशा दस्तऐवजांची भाषा कोरडी असते. तेथे हा गौरव उठून दिसतो.

आता दरवाजावरचा पहारेकरी नाव विचारू शकत होता. फायरवॉलवर किंवा त्याच्या लगेच मागे ‘रिव्हर्स प्रॉक्सी’ नावाचा मध्यस्थ बसवला जातो. तो प्रत्येक विनंतीतील डोमेनचे नाव वाचतो, स्वतःजवळच्या यादीशी ताडून पाहतो आणि ती आतल्या योग्य यंत्राकडे पोहोचवतो. उत्तरही त्याच्याच हातून बाहेर जाते. अपाचे सर्व्हरने ही नावाधारित व्यवस्था १९९६ मध्येच स्वीकारली होती. २००४ मध्ये इगोर सिसोएव्ह यांनी खुला केलेला एनजिनएक्स तर मुख्यतः याच कामासाठी ओळखला जाऊ लागला. व्यवस्थेचे काही विक्षेपही आहेत. यादीत नसलेले नाव आले तर अपाचे यादीतील पहिले संकेतस्थळ दाखवतो, आणि नवशिका व्यवस्थापक आपले डोमेन उघडताना भलतेच पान पाहून चक्रावतो. आतल्या यंत्राला सारे पाहुणे प्रॉक्सीच्याच पत्त्यावरून आलेले दिसतात. खरा पत्ता निराळ्या शीर्षकात जोडून द्यावा लागतो.

एवढ्यावर कथा संपली असती, पण सुरक्षित जोडणीने ती पुन्हा आरंभबिंदूवर आणली. कूटबद्ध संवादात सर्व्हरने आधी आपले प्रमाणपत्र दाखवायचे असते, आणि डोमेनचे नाव असलेली विनंती त्यानंतर, कूटबद्ध होऊन येते. म्हणजे पाहुण्याने नाव सांगण्यापूर्वीच पहारेकऱ्याने कोणत्या बिऱ्हाडाचे ओळखपत्र दाखवायचे ते ठरवायचे! पुन्हा एका डोमेनला एक पत्ता लागू लागला. जून २००३ मध्ये आरएफसी ३५४६ ने ‘एसएनआय’ ही तोड काढली : ब्राउझरने हस्तांदोलनाच्या पहिल्याच संदेशात डोमेनचे नाव सांगावे, तेही उघडपणे. तोड रुळायला एक तप लागले, कारण विंडोज एक्सपीवरील इंटरनेट एक्सप्लोररला ती कळत नव्हती आणि एक्सपीचा अधिकृत आधार ८ एप्रिल २०१४ पर्यंत चालू होता. भारतातील कार्यालयांत आणि सायबर कॅफेंत तर एक्सपी त्यानंतरही टिकून होती.

या उघड उच्चारलेल्या नावानेच भारतातील कथेला पुढचे वळण दिले. मुंबईतील लोकल गाड्यांमध्ये ११ जुलै २००६ रोजी झालेल्या स्फोटांनंतर दोनच दिवसांनी दूरसंचार विभागाने मोजकी पाने रोखण्याचा आदेश काढला. त्यांतील काही ब्लॉगस्पॉटवरील अनुदिन्या होत्या. प्रत्येक अनुदिनीला स्वतंत्र नाव होते, पण दार सामायिक होते. अनेक सेवादात्यांनी २००३ प्रमाणेच सरसकट ब्लॉगस्पॉट बंद केले. ओरड झाल्यावर, फक्त यादीतील पानेच रोखा, असे सरकारला बजावावे लागले.

पुढे साधने सूक्ष्म झाली. सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिले, की देशातील एक मोठी दूरसंचार कंपनी एसएनआयमधील नाव वाचून नेमकी तीच जोडणी तोडते. शेजारी आता वाचतात, हे खरे. पण ज्या सोयीसाठी नाव उघड ठेवले, तीच सोय आता वाटेतल्या प्रत्येकाला कोण कोठे जातो ते वाचू देते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खालील २००९ च्या नियमांनुसार असे आदेश गोपनीय असतात. पान का उघडत नाही, हे वाचकाला पुष्कळदा कळतही नाही.

२०१८ पासून हे नावही झाकण्याचे प्रयत्न सुरू आहेत. त्याची आजची रीत अशी : बाहेरच्या पाकिटावर मध्यस्थाचे सामायिक नाव, खरे नाव आत कूटबद्ध. पत्त्यांची टंचाई हे जुने कारण भारतापुरते तरी ओसरले आहे. येथील अर्ध्याहून अधिक वापरकर्ते १२८ बिटांच्या आयपीव्ही६ वर आले आहेत. तरीही सामायिक दार टिकले, कारण हल्ल्यांपासून बचावासाठी लक्षावधी संकेतस्थळांनी आपण होऊन मोठ्या मध्यस्थांचा आश्रय घेतला आहे. नाव झाकले गेले की रोखणाऱ्यापुढे पर्याय उरतो तो संपूर्ण दार बंद करण्याचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये रशियाच्या नियामकाने क्लाउडफ्लेअर या मध्यस्थाच्या अशा झाकलेल्या जोडण्या तोडायला सुरुवात केली, आणि ज्यांच्याशी कोणाचेच भांडण नव्हते अशी संकेतस्थळेही तेथे उघडेनाशी झाली.