ओळ सरकते, पण बसत नाही

वेबपानावरच्या यादीतली ओळ माऊसने उचलली, दोन ओळी वर नेली आणि सोडली, तर ती गुमान जुन्या जागी परत. प्रोग्रामर तासभर स्वतःच्या कोडमध्ये चूक धुंडाळतो. खोड मात्र वडिलोपार्जित असते.

१९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये ओढण्या-टाकण्याच्या घटनांचा संच आणला. त्यात पानावरचा जवळपास प्रत्येक भाग मुळातच 'इथे टाकू नका' म्हणतो. टाकू द्यायचं असेल, तर उचललेली गोष्ट त्या भागावरून सरकताना घडणाऱ्या 'ड्रॅगओव्हर' या घटनेत ब्राउझरचं नेहमीचं वागणं रोखायचं. म्हणजे परवानगी द्यायची ती नकाराला नकार देऊन! हे एकदा विसरलं की 'ड्रॉप' कधी घडतच नाही. इयन हिक्सन संपादक असलेल्या एचटीएमएल ५ ने हीच रचना जवळपास जशीच्या तशी घेतली. २००९ मध्ये डच अभ्यासक पीटर-पॉल कॉख यांनी ती तपासली आणि तिला सरळ अरिष्ट म्हटलं. ते फार चुकले नव्हते.

मधल्या काळात लोकांनी वेगळी वाट काढली होती. २००५ मध्ये थॉमस फुक्स यांची 'स्क्रिप्टॅक्युलस' लायब्ररी आली. माऊस दाबला, हलला, सुटला, एवढ्यावर ती अख्खी यादी हलवायची. रुबी ऑन रेल्स या वेब-फ्रेमवर्कने तिला आपल्यासोबत घेतलं आणि ओढता येणाऱ्या याद्यांचं पेव फुटलं.

तिच्यासोबत नवी दुखणीही आली. प्रत्येक ओळीचा आयडी 'आयटम_३' अशा घडणीचा हवा, क्रमांकाआधी अंडरस्कोर. तिथे साधी रेघ, म्हणजे 'आयटम-३' पडलं, तरी पडद्यावर यादी झोकात हलते. पण सर्व्हरकडे जाणाऱ्या क्रमात त्या ओळीची जागा रिकामी. एररचा पत्ता नाही. पान रिफ्रेश केलं की पहिले पाढे पंचावन्न. यादी एजॅक्सने, म्हणजे पान पुन्हा न उघडता बदलली, तर ओळी ओढण्याजोग्या करणारं 'सॉर्टेबल.क्रिएट' पुन्हा चालवावं लागे, नाहीतर नव्या ओळी जागच्या हलत नसत.

२००७ च्या जेक्वेरी यूआय या लायब्ररीमध्ये तक्त्यांनी छळलं. उचललेली रांग तक्त्याच्या मांडणीतून सुटते, त्यामुळे तिचे रकाने आक्रसतात. त्यावरचा उतारा म्हणजे उचलण्याआधी प्रत्येक रकान्याची रुंदी मोजून त्यालाच चिकटवायची.

त्याच वर्षी आयफोन आला. बोट म्हणजे माऊस नव्हे; ओळ ओढायला जावं तर पानच सरकायचं. मग बोटाच्या हालचालींना माऊसच्या घटनांचं सोंग देणारं 'टच पंच' लोकांनी जोडलं. ब्राउझरची स्वतःची ओढाओढ आयपॅडवर २०१७ मध्ये, आयओएस ११ सोबत पोचली.

ऑक्टोबर २०२३ च्या डब्ल्यूसीएजी २.२ या सुगम्यता-मानकाने तर ओढण्यानेच होणारं काम न ओढताही करता यावं, अशी अट घातली. आता कित्येक ठिकाणी ओळीशेजारी 'वर' आणि 'खाली' अशी बटणं बसवली जातात. २००५ पूर्वी सर्रास होती, तशीच.