रेझोल्यूशन, फ्लॅटबेड स्कॅनरचे

एका इंचात स्कॅनर किती ठिपके टिपतो, ते सांगणारे माप, एकक डीपीआय. चुंबकीय वेधशाळांतल्या फोटोकागदावरच्या जुन्या आलेखांवर या मापाचा खरा कस लागतो. कागद ताशी २० मिमी सरकतो असे धरले, तर एक मिनिट म्हणजे जेमतेम तिसरा हिस्सा मिलिमीटर. ३०० डीपीआयला त्यात चार ठिपके बसतात, ६००ला आठ.

लिनक्सवर स्कॅनरशी बोलणी करतो तो ‘सेन’. ‘एक्ससेन’, ‘सिंपल स्कॅन’ ही त्याची दर्शनी दारे. ‘सिंपल स्कॅन’ मजकुरासाठी मुळात १५० डीपीआयच धरतो. पत्रापुरते ते चालेल, आलेखाला नाही.

रेझोल्यूशन दुप्पट केले की फाइल चौपट होते: ए-फोर रंगीत पान ३००ला सुमारे २६ मेगाबाइट, ६००ला १०४. खोक्यावर छापलेल्या भल्यामोठ्या आकड्यांना मात्र भुलू नये. काचेखालच्या संवेदकाच्या प्रकाशीय क्षमतेपलीकडचे ठिपके सॉफ्टवेअर शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजाने भरते.