रिकाम्या पुंगळीची किंमत

काडतूस म्हटले की आपल्याला १८५७ आठवते: दाताने तोडायचा कागद, त्यावरची चरबी, बराकपूर, मेरठ. मात्र त्या कागदी काडतुसाचे दिवस तेव्हाच भरत आले होते. पुढच्या वीस वर्षांत बंदुका धातूच्या पुंगळीवर आल्या आणि एक नवी अडचण उभी राहिली. पूर्वी दारू, शिसे आणि टोपी हाताशी असली की बार भरता येई. आता कारखान्यातून आलेली, नेमक्या मापाची पुंगळी संपली की उत्तमोत्तम रायफलही केवळ काठी ठरे.

अमेरिकेत १८६० च्या हेन्री रायफलने हे प्रथम ठळकपणे दाखवले. चापाखालची लिव्हर खालीवर केली की रिकामी पुंगळी बाहेर आणि नवे काडतूस आत. वेग अपूर्व होता. परंतु तिच्या काडतुसात पेट घेणारे रसायन पुंगळीच्या कडेत भरलेले असे. घोडा पडला की ती कडच चेपे, आणि पुंगळी कायमची निकामी होई.

यावर उतारा निघाला तो रसायन पुंगळीच्या बुडाशी, मधोमध, वेगळ्या टोपीत बसवण्याचा. १८६६ च्या सुमारास दोन रचना पुढे आल्या: अमेरिकेच्या हायरम बर्डनची आणि इंग्लंडच्या एडवर्ड बॉक्सरची. गंमत अशी, की अमेरिकेत अखेर रुजली ती इंग्रजाची रचना, आणि युरोपात अमेरिकनाची. बॉक्सरच्या पुंगळीला मधोमध एकच छिद्र असल्याने बारीक सळईने जुनी टोपी सहज बाहेर ढकलता येते. म्हणजेच पुंगळी पुन्हा वापरता येते.

आता आकाराचा मुद्दा. काळ्या दारूच्या काळातील बरीचशी काडतुसे सरळ भिंतीची, जवळजवळ नळकांडीच. १८७३ चे .४५-७० हे त्यांतले प्रसिद्ध: ०.४५ इंच व्यासाची गोळी आणि ७० ग्रेन दारू, म्हणजे सुमारे साडेचार ग्रॅम. गोळी ४०५ ग्रेनची; १८० ग्रेनच्या तोळ्याने मोजली तर बरोबर सव्वादोन तोळे! सैन्यासाठी जन्मलेले हे काडतूस १८८१ च्या मार्लिन आणि १८८६ च्या विंचेस्टर या लिव्हर-रायफलींमुळे शिकाऱ्यांच्या हाती अधिकच रुळले. बार उडताना पितळ फुगते. सरळ पुंगळीला पुन्हा मापात आणणे सोपे, कारण तिला आवळलेली मान नसते. न्यू हेवनच्या जॉन बार्लोने १८८४ मध्ये ‘आयडियल’ कंपनी काढून या कामासाठी अडकित्त्यासारखी हत्यारे विकली. काहींच्या टोकाला गोळी ओतायचा साचाही असे. शिशात थोडे कथील, शेकोटीची आच आणि एक हत्यार: शिकाऱ्याचा कारखाना खोगिराच्या पिशवीत मावू लागला.

लिव्हर-रायफलीचा स्वतःचा एक कडक नियम होता. तिची काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक राहतात, म्हणजे एकाच्या गोळीचे टोक पुढच्याच्या टोपीला टेकलेले. टोक अणकुचीदार असेल तर धक्क्याने आतच बार उडू शकतो. म्हणून गोळी चपट्या नाकाची. पुंगळीचे तोंडही गोळीवर आवळावे लागे, नाहीतर स्प्रिंगच्या दाबाने ती आत सरके.

परंतु या कौशल्याचा सर्वांत गंभीर उपयोग शिकारीपलीकडचा आहे. २५ जून १८७६ रोजी लिटल बिगहॉर्नच्या काठी लाकोटा, शायेन आणि अरापाहो योद्ध्यांनी कस्टरच्या तुकडीचा नायनाट केला. त्यांच्यातील कित्येकांजवळ हेन्री आणि विंचेस्टर होत्या. जेमतेम सहा आठवड्यांत, ५ ऑगस्टला, अमेरिकी काँग्रेसने ठराव केला: खास धातूची काडतुसे ‘शत्रू’ जमातींपर्यंत पोहोचू देऊ नयेत. बंदी बंदुकीपेक्षा पुंगळीवर रोखलेली होती, हे लक्षणीय आहे. तरीही कर्नल रिचर्ड डॉज या सेनाधिकाऱ्याने नोंदवून ठेवले आहे, की मैदानी जमाती व्यापाऱ्यांकडील जुन्या बंदुकांच्या लहान टोप्या पुंगळीच्या बुडात दाबून बसवत आणि काडतुसे पुन:पुन्हा भरत. कारखाना नसलेल्या समाजाने बंदीतून काढलेली ही वाट होती. ती पुरी पडली नाही. बायसनचे कळप संपले, आणि उपासमारीपुढे पुंगळ्या काय करणार?

बिनधुराची दारू आल्यावर घरगुती भरणीही बदलली. काळी दारू पुंगळी काठोकाठ भरे, त्यामुळे दुप्पट माप पडणे अशक्यच. नवी दारू थोडक्यात भागे. डोळ्यांना चूक दिसेना आणि रायफल फुटण्याचा धोका वाढला. अंदाजाच्या मापाची जागा तराजूने घेतली. १८९५ च्या .३०-३० या मान आवळलेल्या काडतुसाने सरळ पुंगळी मागे टाकली, असेच पुढे शंभर वर्षे वाटत राहिले.

मग २०१४ मध्ये ओहायोने हरणाच्या शिकारीला सरळ पुंगळीच्या रायफलींची मुभा दिली. सपाट, वस्तीच्या शेतीप्रदेशात फार दूर जाणारी गोळी धोक्याची; म्हणून तिथे तोवर छऱ्याच्या बंदुकांवर भर होता. जड, मंद, लवकर दम तोडणारी गोळी हा जुन्या काडतुसाचा दोषच आता त्याच्या परवान्याचे कारण झाला, आणि .४५-७० पुन्हा शेतघरांच्या टेबलांवर भरले जाऊ लागले.